सगळ्यात जड चार तास

आमच्या घरी चार पाहुणे जेवायला यायचे असले की कोणी किती वाजता यायचं हे माझे सासरे, आबा, ठरवतात. सगळ्यांना एकच वेळ ते कधी देत नाहीत. एकाला बारा, दुसऱ्याला पाऊण, तिसऱ्याला दीड. म्हणजे चुलीपाशी बसलेल्या बाईला दम खायला मिळतो आणि पंगतही शांतपणे उठते, असं त्यांचं म्हणणं. पाहुणे अर्थात एकमेकांना फोन करून एकदमच टपकतात, पण आबांनी अजून हार मानलेली नाही.

माझ्या लग्नातही त्यांनी हेच केलं. धुळ्याच्या लोकांना एक वेळ कळवली, जळगावच्यांना दुसरी. माझा सख्खा मामा दुसऱ्या तुकडीत निघाला. तो मंडपात शिरला तेव्हा मी आणि प्रशील एकमेकांना हार घालून, बुद्धवंदना म्हणून मोकळे झालो होतो आणि लोक जेवत होते. मामा आजही मला तोंडावर ऐकवतो की भाचीचं लग्न त्याने फक्त फोटोत पाहिलं.

जळगावात मेहरूणच्या घरात मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, माणूस चिकट आहे. गिझर चालू असताना मिक्सर लावायचा नाही, पाण्याची मोटर सुरू असताना इस्त्री नाही. मी औषधाचं दुकान चालवते, सकाळी माझी घाई असते, आणि तेव्हाच आबा बटणापाशी उभे राहून म्हणत, "स्नेहल, पाच मिनिटं थांब, मोटर होऊ दे." एकदा माझा तोल गेला आणि मी विचारलं की बिल तर आम्हीच भरतो ना, मग तुम्हाला काय. ते दुखावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आयुष्यभर काय काम केलं ते मला सांगितलं. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

आबांचं नाव आधार बैसाणे. गाव सोनगीर, किल्ल्याच्या पायथ्याशी घर. वडील तांब्यापितळेच्या भांड्यांच्या कारखान्यात भाता ओढायचे. आबा धुळ्याला बीएस्सी झाले आणि मुंबईत एका जुन्या, मोठ्या कंपनीच्या संगणक विभागात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. बायको, म्हणजे माझ्या सासूबाई पार्वताबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्या धुळ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोन्ही मुलं अक्कांजवळ वाढली. आबा मुंबईत चौघांच्या खोलीत राहायचे आणि महिन्यातून एकदा घरी यायचे.

कंपनीकडे मेनफ्रेम होतं. म्हणजे खोलीभर मोठा संगणक, ज्यावर सगळ्या कंपनीचे पगार, हिशेब, मालाच्या नोंदी चालत. त्या संगणकाला चालवणारा एक मूळ प्रोग्रॅम असतो, ऑपरेटिंग सिस्टिम. हे मला समजावताना आबांनी केळी कापणाऱ्या टोळीचा दाखला दिला. टोळी ठरवली की मुकादम सोबत येतो. कोणी कुठे कापायचं, कोणी वाहायचं, हे तो बघतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे तो मुकादम. अगदी सुरुवातीला, आबा नोकरीला लागायच्या आधीच्या काळात, मशीन घेतलं की सगळे प्रोग्रॅम सोबत यायचे, त्यांचे वेगळे पैसे कोणी मागत नसे. मग एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये अमेरिकेत मशीन बनवणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीने प्रोग्रॅमना वेगळी किंमत लावायचं जाहीर केलं. मुकादम मात्र आणखी काही वर्षं फुकट राहिला. ऐंशीच्या आसपास त्याचंही महिन्याचं भाडं सुरू झालं.

"आणि ते भाडं कधी संपत नाही," आबा म्हणाले. विकत घेतला आणि आपला झाला, असं नाही. मशीन तुमचं असलं तरी मुकादम भाड्याचाच. पुढे मशीन जितकं दांडगं तितकं भाडं, असा हिशेब आला. तोही लोकांना जाचायला लागला, कारण दांडगं मशीन घेतलेला माणूस ते पूर्ण वापरतोच असं नाही. मग दोन हजार सालानंतर नवीन पद्धत आली, आणि तिथे आबांचं खरं आयुष्य सुरू झालं असं मी म्हणेन.

पद्धत अशी. महिनाभर मशीन किती काम करतं ते मोजत राहायचं. सलग चार तासांची सरासरी काढत जायची. महिन्यात ज्या चार तासांत मशीन सगळ्यात जास्त दमलं, त्या चार तासांवर अख्ख्या महिन्याचं भाडं. बाकीचे दिवस मशीन लोळत पडलं असलं तरी काही फरक पडत नाही. आणि महिना संपला की तो आकडा पुसायचा. पुढच्या महिन्याची मोजणी पुन्हा कोऱ्या पाटीवर.

आबांचं काम होतं ते चार तास चढू न देणं. सकाळी दहा ते दोन सगळ्या खात्यांना सगळंच हवं असायचं. आबा खात्याखात्यात फिरायचे, चहा प्यायचे, साहेबांची विचारपूस करायचे आणि हळूच सांगायचे की तुमचं ते मोठं काम संध्याकाळी लावू या का, उद्या सकाळी टेबलावर मिळेल. कोणी ओरडलं तर ऐकून घ्यायचे, पण काम संध्याकाळीच लावायचे. गर्दी पांगवणं ही त्यांची विद्या. वर्षानुवर्षं कंपनीचं भाडं चढलं नाही ते या माणसाच्या चहामुळे. पण न आलेल्या बिलाला हार कोण घालणार? मला तेव्हा त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. तेव्हापासून मी मोटर होईपर्यंत थांबते. कुरकुरते, पण थांबते.

आता प्रज्ञा. माझी नणंद, प्रशीलहून मोठी. धुळ्याला इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, हुशार आणि तोंडाची फटकळ, त्यामुळे आमचं लगेच जमलं. वडिलांवर तिचा जीव. लहानपणी आबा महिन्याने घरी आले की ती त्यांच्या बॅगेत मशीनचे कागद शोधायची. योगायोग असा की तिच्या पुण्याच्या कंपनीला आबांच्याच जुन्या कंपनीने काम दिलं. मेनफ्रेमचं भाडं परवडेनासं झालंय, ते ठेवायचं की बंद करायचं, हे तपासून सांगा. आबा निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. प्रज्ञाने सहा महिने खपून अहवाल केला आणि बंद करा असं सांगितलं.

तो अहवाल तिने सोनगीरला आणला. मला ती दुपार नीट आठवते, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही सगळे गावच्या घरी होतो. प्रज्ञाने खाटेवर लॅपटॉप ठेवला आणि आबांना शेजारी बसवलं. मशीन बंद होणार याचं आबांना फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, हल्ली दर वाढलेत, कंपनीला भाडं जड होतं, तुझं गणित बरोबर आहे. मग तिने बऱ्याच वर्षांच्या भाड्याचा आलेख उघडला. सगळे महिने जवळपास एका उंचीचे, आणि मध्येच एक महिना ताडासारखा वर गेलेला. त्याच्याभोवती तिने लाल गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'नियंत्रण सुटले.'

"बघा आबा, माणसाच्या भरवशावर ठेवलं की असं होतं," ती म्हणाली.

आबांनी विचारलं, कोणता महिना. ती म्हणाली, मार्च दोन हजार चार. आबांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, "बरोबर आहे तुझं," म्हणाले आणि किल्ल्याच्या वाटेने चालू लागले. चहाला परतले नाहीत. दिवेलागणीला आले आणि जेवून झोपले.

पुढच्या वर्षी मशीन बंद झालं. कंपनीने जुन्या माणसांना निरोपाच्या कार्यक्रमाला बोलावलं, आबांना खास पत्र आलं. प्रज्ञा बोलणार होती. तिने पहिल्या रांगेत आबांची खुर्ची राखून ठेवली. आबा गेलेच नाहीत. पाय दुखतो म्हणाले, आणि त्याच दिवशी मेहरूण तलावाला दोन चकरा मारून आले. प्रशीलने हे भाबडेपणाने बहिणीला सांगितलं.

तिथून बिनसलं. भांडण झालं नाही, हेच वाईट. प्रज्ञा फोन अक्कांना करायची. घरी आली तर आबा 'जेवलीस का' विचारायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. ती मला म्हणाली होती, "वहिनी, बापाला पोरीपेक्षा मशीन जास्त प्रिय होतं. बंद केलं म्हणून माफ करत नाहीत." मलाही ते पटलं होतं. पाच-सहा वर्षं अशीच गेली. आबा तिच्या वाटेकडे डोळे लावून असायचे हे मी बघत होते. ती यायची म्हटलं की स्वतः बाजारात जाऊन तिच्या आवडीची शेव आणायचे, आणि ती आली की मागच्या खोलीत जाऊन बसायचे. असल्या माणसांच्या डोक्यात पाट घालावासा वाटतो.

गेल्या डिसेंबरात सोनगीरला भरीत करायचं ठरलं. आबांचा पुतण्या भाईदास तिथे शेती करतो, त्याच्या मळ्यात. प्रज्ञा पुण्याहून थेट तिथे येणार होती. आदल्या दिवशी अक्का आणि मी इथे मेहरूणला लसूण सोलत बसलो होतो. अक्का म्हणाल्या, या थंडीत पोरीला जपायला हवं, कॉलेजात असताना टायफॉइडने तिला पार खाल्लं होतं. तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात आबा तिच्या उशाशी चार दिवस बसून होते. मुंबईहून मिळेल त्या गाडीने आले, कपडेसुद्धा आणले नव्हते. पोरगी तापात बरळत होती, तुमचं मशीन कोण बघतंय आबा, असं विचारत होती. आणि आबा तिच्या कपाळावर पट्टी ठेवत अहिराणीत सांगत होते, "मशीनले सुट्टी शे, माय."

अक्का सहज सांगत होत्या. पुढे म्हणाल्या की ऐन मार्च महिना, हिशेबाची घाई, परत गेल्यावर साहेबांनी फार बोलून घेतलं, होणारं प्रमोशनही गेलं. पण आबांनी दम दिला होता की हे पोरांच्या कानावर घालायचं नाही.

माझ्या हातातला लसूण हातात राहिला. मी विचारलं, कोणत्या सालचा मार्च. अक्कांना साल आठवेना, पण प्रज्ञा तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती हे आठवत होतं. हिशेब माझ्या मनात लागला, दोन हजार चार. अक्कांनी तो लाल गोल कधी पाहिला नव्हता, त्या दुपारी त्या चुलीपाशी होत्या. आणि मी गोल पाहिला होता, पण दवाखाना माहीत नव्हता. प्रज्ञा तर तापात होती. तिला कुठून कळावं की त्या मार्चमध्ये खात्याखात्यात चहा प्यायला जाणारा माणूस जागेवर नव्हता, सगळ्यांनी आपापली कामं एकदम मशीनवर टाकली आणि कोणी कोणाला थांबवलं नाही.

मी लसणाची टोपली ठेवली आणि अंगणात गेले. कोणती पिशवी आधीच्या गाडीत, कोणती मागच्या गाडीत, ते आबा पिशव्यांवर लिहीत होते. मी सरळ विचारलं. त्यांनी लिहिणं थांबवलं. मग म्हणाले की त्या दुपारी तिच्यावर रागावलो नव्हतो, तिने लिहिलं ते खरंच होतं, नियंत्रण सुटलंच होतं. पण ते वाचून आतून काहीतरी हललं, आणि तिथे बसून राहिलो असतो तर तोंडून निघून गेलं असतं. आणि निरोपाच्या कार्यक्रमाला का गेला नाहीत, मी विचारलं.

"तिथं सगळे जुने लोक होते. त्या मार्चमध्ये मी कुठे होतो हे त्यांना माहीत होतं," आबा म्हणाले. "भिंतीवर तो आलेख लागला असता आणि समोर मी दिसलो असतो, तर कोणीतरी बोललंच असतं. भरल्या सभेत पोरीला कळलं असतं की तो गोल तिच्या आजारपणाभोवती काढलाय. लेकराचं दुखणं केवढ्याला पडलं ते लेकराला दाखवत नाहीत, स्नेहल. तू पण बोलू नको."

मी मान हलवली. मान हलवली म्हणजे कबूल केलं, असं मी मानत नाही. मला रागही आला होता आणि रडूही येत होतं. पोरीला जपायला म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यानेच पोरगी दुखावली, हे एवढ्या हिशेबी माणसाला दिसू नये?

दुसऱ्या दिवशी मळ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची आग पेटली. जळगावहून आम्ही हिरव्या वांग्यांचं पोतं नेलं होतं. भाईदासने जय भीम करून आबांना आगीपाशी बसवलं आणि आबांनी लगेच आपली पद्धत सुरू केली. थोडी वांगी टाकायची, ती निघाली की पुढची. म्हणजे सोलणाऱ्या बायांवर एकदम ढीग पडत नाही. सगळ्यांना भूक लागली होती, पण आबांना कोण सांगणार. बाकीची वांगी पोत्यात पडून होती.

प्रज्ञा आली, अक्कांच्या गळ्यात पडली, आबांना लांबूनच जय भीम केला. आबांनी जेवणाला अजून वेळ आहे असं सांगितलं आणि आगीकडे तोंड फिरवलं. ती माझ्याजवळ येऊन सोलायला बसली. वांगी भाजून काळी झालेली, सालं काढताना बोटं पोळत होती. मी तिला सगळं सांगितलं. मीठमसाला न लावता सांगितलं, जसं अक्कांनी सांगितलं होतं तसं. मशीनले सुट्टी शे, हेही सांगितलं.

तिने हातातलं वांगं परातीत ठेवलं. मग मला म्हणाली की ते वाक्य तिला आठवतं, पण तिला वाटायचं ते तापात पडलेलं स्वप्न असेल, कारण आबांच्या मशीनला सुट्टी कधीच नसायची. काळ्या झालेल्या हातांनीच तिने डोळे पुसले आणि उठली.

आगीपाशी जाऊन ती आबांच्या शेजारी मातीत बसली. मी मागून गेले, मला राहवलं नाही.

"मशीनला सुट्टी नव्हती, आबा," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याजवळ होतात. आणि मी त्याच्याभोवती लाल गोल काढला."

आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही. मग त्यांनी पोरीकडे पाहिलं. तिच्या गालांवर काजळी लागली होती. आबांनी उपरण्याच्या टोकाने ती पुसायला घेतली. शहरात एवढी वर्षं काढलेला माणूस, पण जीव भरून आला की तो अहिराणीवर येतो.

"त्या महिनानं बिल त्याच महिनामा भराई गयं, माय," ते म्हणाले. "ते पुढे लई जातस नही." त्या महिन्याचं त्याच महिन्यात फिटलं, पुढे न्यायचं नसतं.

प्रज्ञाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडली. अक्का परातीपाशी उभ्या राहून पदर तोंडाला लावून बघत होत्या, त्यांना अजून अर्धंच कळलं होतं. भाईदासला तर काहीच कळलं नव्हतं. त्याने विचारलं की आबा, पुढची वांगी कितीक टाकू.

आबांनी पोरीच्या डोक्यावरचा हात न काढता सांगितलं, "टाक बठ्ठा."

भाईदासला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं की सगळी का, आणि आबांनी पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने अख्खं पोतं आगीवर उलटं केलं. पुष्कळ वांगी एका अंगाने करपली, पुष्कळ आतून कच्ची राहिली, आणि सोलायला आम्हा दोघींसमोर एकदम ढीग पडला. त्या दिवशीचं भरीत काही खास झालं नाही. सगळ्यांनी दोनदोनदा मागून घेतलं.